मालकी नको, पगार हवा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये आज टॉवेलचे माग धडधडत होते आणि माझ्या डोक्यात फक्त सुताचं बिल, विजेचं बिल, बँकेचा हप्ता. व्यापाऱ्याकडचं येणं अजून अडकलेलंच. 2006 च्या कायद्यानं लघुउद्योजकाला 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण तगादा लावला तर पुढची ऑर्डर जाते, मग कायदा दाखवायचा कुणाला? सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मला अभिमान आहे. तरीही मला पुन्हा नोकरीच करायची आहे. कामगारांचा पगार मी कधी थकवला नाही. स्वतःचा कधी घेतलाच नाही. बाबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंगा झाला की ड्युटी संपायची, मग ते आमचे असायचे. मी जेवतानाही फोनवर असतो. उद्या हिच्याशी बोलतो. माग विकायचे की भाड्यानं द्यायचे, ते ठरवू.