तुसाखालची ओल

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले, तेव्हा प्रत्येकाला निराळी आठवण सुचेल असे आम्हांस वाटले होते. प्रत्यक्षात आम्हा सहाही जणांना आठवली ती एकच जागा : धान्यकोठारामागची, पत्र्याच्या छपराची, पिल्लांची खोली. आठवीत असताना आमच्या गटाकडे तिची जबाबदारी आली.

वसतिगृहाच्या भोजनात अंडी मिळावीत म्हणून शाळेने गिरिराज जातीची एक दिवसाची शंभर पिल्ले आणावयाचे ठरविले होते. ती येण्यापूर्वी आठवडाभर आम्ही खोली रिकामी करून फरशी घासली, भिंतींना चुना दिला आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवून ती खडखडीत वाळू दिली. राईस मिलमधून धानाचे तूस आणले, उन्हात पसरले आणि दोन-तीन इंचांचा थर अंथरला. त्यावर वर्तमानपत्रे घातली. कारण पहिले दोन-तीन दिवस पिल्लांना तूस आणि दाणा यांतला भेद कळत नाही. भोवती पत्र्याचे गोल कडे उभे केले. चौकोनी जागेत भ्यालेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात; गोलाला कोपराच नसतो. मध्ये बल्ब टांगले. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब ठेवावयाची आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवावयाची. थर्मामीटर होता, तरी शेतीच्या सरांनी आम्हांला पाहावयास शिकविले ते पिल्लांकडे. बल्बखाली दाटी केली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोची वासल्या तर उकडते आहे, सगळीकडे सारखी पांगली तर ती सुखात आहेत.

उबेची काळजी बल्ब घेत असे. ओलीची मात्र आम्हांलाच घ्यावी लागे. रोज पहाटे वंदनेपूर्वी तूस खालवर करावयाचे, पाण्याच्या भांड्याजवळचे भिजलेले तूस उचलून बाहेर टाकावयाचे आणि त्या जागी कोरडे घालावयाचे. भांडे विटेवर सपाट बसवावयाचे आणि पिल्ले वाढतील तशी त्याची कड त्यांच्या पाठीच्या उंचीला आणावयाची. मग एक मूठ तूस दाबून पाहावयाचे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हलकेच सुटून विखुरला तर ठीक. दार उघडताच डोळ्यांना झोंबले, की काल आपण कसूर केली असे समजावे.

एका पालकसभेत आमच्यातील एकाचे वडील उठून म्हणाले, "पोरगं शिकावं म्हणून धाडलं सर, घाण उपसाले नाही." सभा स्तब्ध झाली. मेलेली ढोरे ओढण्याची सक्ती ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सोसली आणि बाबासाहेबांच्या सांगण्यावरून झुगारून दिली, त्यांच्या तोंडचा तो प्रश्न होता. मुख्याध्यापकांनी भिंतीवरचा पाळीचा तक्ता काढून वाचून दाखविला. त्यात मंगळवारी त्यांचे स्वतःचे नाव होते. मग त्यांनी आमची नोंदवही त्या काकांच्या हाती दिली : तापमान, खाद्य, पाणी, मरतूक, सारे आमच्याच अक्षरात. काकांनी पाने सावकाश उलटली, मुलाचे अक्षर ओळखले आणि ते खाली बसले.

तिसऱ्या आठवड्यात श्रावणाची झड लागली. एका रात्री घाईत आम्ही भांडे विटेवर नीट बसविले नाही. ते कलंडले आणि बरीच जागा भिजली. कोरडे तूस पावसातून आणावयाचे, ओले उपसावयाचे, याचा आम्हांला कंटाळा आला. उरलेले मूठ-दोन मूठ कोरडे तूस आम्ही ओलीवर पसरले. वरून सारे सोनेरी दिसू लागले. सरांनी दारातून पाहून शाबासकी दिली, आणि आम्ही ती घेतली.

आठवड्याच्या आतच पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून उभी राहू लागली. विष्ठेत रक्त दिसले. ती रक्ती हगवण होती. तालुक्याहून आलेल्या पशुवैद्यांनी वरचा थर बाजूला सारला. खाली काळी, चिकट, उबट पोळी निघाली. विष्ठेतली रोगबीजे ऊब आणि ओल मिळताच एक-दोन दिवसांत पिकतात आणि चोचीवाटे पिल्लांच्या पोटात जातात, असे त्यांनी समजावून सांगितले. पाण्यातून औषध सुरू झाले. तरीही सतरा पिल्ले गेली. त्यांना खोल खड्ड्यात चुना घालून पुरले.

त्या संध्याकाळी विहारात पंचशील ग्रहण करताना पहिले शील आमच्या घशातून बाहेर पडेना. वंदना संपल्यावर आम्ही उभे राहून सारे सांगितले. वर्षावासासाठी आलेले भन्ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा सांगितली. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर निजविले. "त्यांनी त्याच्यावर नवी चादर घातली नाही," भन्ते म्हणाले, "आधी धुतले."

त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही सगळे तूस बाहेर काढले. मुख्याध्यापकांच्या हाती फावडे होते. त्या दिवशी मंगळवार नव्हता.

आज आमच्यापैकी कुणी रुग्णालयात आहे, कुणी वर्गात, कुणी शेतावर. तथागतांच्या अंतिम उपदेशातला 'अप्रमाद' हा शब्द उच्चारताना आम्हांला ती काळी पोळी आठवते. हिंसा करावयाची म्हणून आम्ही काहीच केले नव्हते. केवळ ओल झाकली होती. शाळेत येणे झाले की आम्ही त्या खोलीत डोकावतो, वाकून एक मूठ तूस उचलतो आणि दाबून पाहतो.