निम्म्या वाट्याची वाइन

१/ टस्कनीतील खानावळीत आज ‘रिबोल्लिता’ मागवली, तर सोबत बहुधा किआंतीचा पेला सुचवला जातो. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट पानांचा कोबी पुन्हा उकळून केलेले हे दाट सार मूळचे शेतकऱ्यांचे. ही जोडी पुरातन मानली जाते. प्रश्न इतकाच, की ती कोणाच्या ताटात जुळत होती?

२/ चवीपुरते पाहिले तर जोडी निर्दोष आहे. किआंतीचे मुख्य द्राक्ष सांज्योवेझे. त्याचा आंबटपणा ऑलिव्ह तेलाचा जडपणा कापतो. त्याचा तुरटपणा मांसाच्या चरबीपुढे मवाळ होतो. टस्कनीचा पाव अळणी असतो, त्यामुळे सोबतीला खारवलेले मांस आणि मेंढीच्या दुधाचे चीज येते. या खारटपणालाही हीच वाइन मानवते.

३/ या वाइनचा लौकिक जुना आहे. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फर्मान काढून किआंतीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. कोणत्या भूमीतील वाइनला कोणते नाव लावावे, हे राज्यसत्तेने ठरवल्याचे हे युरोपातील एक आद्य उदाहरण.

४/ पुढे ब्रोलिओ गढीचा धनी बेत्तीनो रिकासोली याने अनेक वर्षे प्रयोग केले. हा गृहस्थ दोनदा इटलीचा पंतप्रधान होता. १८७२ च्या एका पत्रात त्याने आपले मिश्रण सांगितले : सुगंध व जोम सांज्योवेझेचा, मार्दव कानायोलोचे, आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडे माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष.

५/ पत्रात द्राक्षे आहेत. ती खुडणारे हात नाहीत. मध्ययुगापासून टस्कनीची शेती ‘मेद्झाद्रिया’ पद्धतीने चाले. आपल्याकडील अर्धेलीसारखीच ही रीत : घर व जमीन मालकाची, श्रम कुळाच्या अख्ख्या कुटुंबाचे आणि पीक निम्मे-निम्मे. ब्रोलिओची जमीनही अशीच कसली जाई.

६/ कागदावर वाटणी समसमान होती. परंतु वर्ष वाईट गेले की कूळ मालकाचे कर्जदार होई आणि त्याच्या निम्म्यातूनही वाटा जाई. मग घरच्यांसाठी रस काढून उरलेल्या द्राक्षांच्या चोथ्यावर पाणी ओतत. त्यातून निघे ते फिकट, पातळ पेय म्हणजे ‘आक्वेरेल्लो’. रिबोल्लिताच्या वाडग्याशेजारी अनेकदा असे ते हे पाणीदार पेय. मुरलेली किआंती नव्हे.

७/ मांसाचेही तेच. फ्लॉरेन्सचा प्रसिद्ध भाजलेला मांसखंड किआनीना जातीच्या गुरांचा. या जातीचे पांढरेशुभ्र बैल कुळांच्या नांगराला जुंपलेले असत. नांगर कुळाच्या वाट्याला आला, मेजवानी शहराच्या.

८/ दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शेते सोडून कारखान्यांकडे निघाली. १९६४ च्या कायद्याने मेद्झाद्रियाचे नवे करार निषिद्ध ठरले. १९६७ साली किआंतीला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला. पुढे कुळांच्या ओसाड दगडी घरांपैकी कित्येकांची अतिथिगृहे झाली आणि त्यांच्या मेजांवर शिळ्या पावाचे सार व मालकाची वाइन शेजारी-शेजारी आली.

९/ त्यामुळे जोडी खोटी ठरत नाही. चव आपल्या जागी खरीच आहे. पण ज्यांनी ते सार शिजवले आणि ती द्राक्षे तुडवली, त्यांच्यातील पुष्कळांना ती एकत्र चाखायला मिळाली नाहीत, एवढे तो पेला उचलताना ध्यानात असावे.