आषाढातला कॉम्प्युटर

सकाळपासून धो धो. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राचं खारं वारं. दाराच्या कड्या गंजतात, तिथे कॉम्प्युटरचं काय घेऊन बसलात!

आज बटण दाबलं तर पंखा फिरला, पण पडदा काळाच. नुसतं बीप बीप. पावसाळ्यात हे दुखणं बहुधा रॅमचं. प्लग काढला, उरलासुरला करंट जावा म्हणून बटण जरा वेळ दाबून धरलं, डब्याच्या पत्र्याला हात लावून घेतला. दोन्हीकडच्या खिट्ट्या बाजूला सारून पट्टी उपसली. सोनेरी कडेवर मळकट थर. नातवाच्या कंपासमधला पांढरा खोडरबर हलकेच फिरवला, भुगा ब्रशने झटकला, 'टक्' होईपर्यंत पट्टी परत बसवली. चालू! (इथे पॉलिशपेपर चालवणारे महाभागही पाहिलेत. त्यांना दंडवत.)

तारीख मात्र भलत्याच सालातली, आणि बँकेची साइट उघडेना. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ब्राउझर तारखेवरून तपासतो. लोक उगाच मोडेमला शिव्या घालतात. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ हा बटण सेल बदलला, तारीख लावली, मिटलं.

विजा कडाडू लागल्या की मात्र मी यूपीएसच्या भरवशावर राहत नाही. प्लग काढतोच, शिवाय मोडेमला येणारी तांब्याची तारही. वीज तिथूनही आत येते. तेवढा वेळ घरातल्या पोरांचं नेट बंद, आणि बोलणी मला.