केनवडहून मसाई माराकडे

रिसोड तालुक्यातील केनवडहून शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघणाऱ्याला पाण्याची बाटली पुरते. केनियातील मसाई माराचे सिंह पाहू इच्छिणाऱ्या कुटुंबाने मात्र प्रथम पीतज्वराच्या लसीचा विचार करावा. ती शासनमान्य केंद्रातच, उदाहरणार्थ मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, मिळते व प्रवासापूर्वी किमान १० दिवस टोचून घ्यावी लागते. तिचे पिवळे प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म ग्राह्य आहे. ते नसल्यास परतताना विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरण घडू शकते. ही सक्ती अनाठायी नाही. हा रोग पसरविणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे, रोग तेवढा नाही.

जैन घरातील खरी अडचण निराळीच. सध्या वापरातील ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवितात. दलाल हे सहसा सांगत नाही. निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचा. परंतु तो आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी व्हावा. साठी उलटलेल्यांनी, तसेच अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, डॉक्टरांस अवश्य विचारावे.

उकळलेल्या पाण्याची घरची सवय तेथे फार उपयोगी पडते. चौविहार पाळला तरी हिवतापाचा डास रात्रीच चावतो. मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, परतल्यानंतरच्या दिवसांच्याही, चुकवू नयेत.