मेलेल्या मुलाने काय मागितले?

अपत्य गमावलेली आई, हात वर केलेला कायदा आणि मध्यरात्री दिसणारा मृताचा चेहरा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुढचे कथानक प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. आई सूड घेणार. अतिमानुष गुन्हेकथांच्या कितीतरी मालिका आणि चित्रपट याच सांगाड्यावर उभे आहेत, आणि आम्हीही ते आवडीने पाहत आलो आहोत. पाहताना एक गोष्ट मात्र न तपासता गृहीत धरली जाते: मृताला सूड हवा असतो, त्याचा आत्मा त्यासाठीच तळमळत असतो, आणि आई केवळ त्याची इच्छा पुरी करत असते. या गृहीतकाच्या पाण्याने आईच्या हातचे रक्त आपोआप धुतले जाते. युरिपिडीसच्या 'हेक्युबा' या शोकांतिकेला ही सोय मान्य नाही.

इसवी सनपूर्व ४२४च्या सुमाराचे हे नाटक भुताच्याच तोंडून सुरू होते. ट्रॉय पडले आहे. राणी हेक्युबा ग्रीकांची दासी झाली असून थ्रेसच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर, बंदिवान स्त्रियांच्या तंबूत दिवस कंठते आहे. युद्धाची झळ लागू नये म्हणून पॉलिडोरस या धाकट्या मुलाला बरोबर सोने देऊन पॉलिमेस्टर या थ्रेसच्या राजाकडे, कुटुंबाच्या जुन्या स्नेह्याकडे, धाडलेले होते. ट्रॉयचा पाडाव होताच त्या स्नेह्याने सोन्यासाठी मुलाला मारले आणि प्रेत समुद्रात फेकून दिले. तीन दिवस आईच्या डोक्यावर घिरट्या घालणारे त्या मुलाचे भूत आपल्याला हा सारा गुन्हा सांगते, खुन्याचे नाव सांगते, आणि मागते काय? आईच्या हातून अंत्यसंस्कार. एवढेच. सूडाचा शब्द त्याच्या तोंडी येत नाही.

याच नाटकात रक्त मागणारे दुसरे एक भूत आहे, आणि ते विजेत्या पक्षाचे आहे. अकिलीसचे भूत आपल्या थडग्यावर हेक्युबाच्या मुलीचा, पॉलिक्सेनाचा, बळी मागते, आणि ग्रीक सैन्य तो देते. ज्याचा विश्वासघाताने खून झाला ते लेकरू केवळ दोन हात जमीन मागते. ज्याच्या नावाने पोवाडे गायले जातात त्या वीराला मेल्यावरही मान हवा असतो. आगरकरांच्या 'विकारविलसिता'पासून, म्हणजे १८८३ पासून, मराठी वाचकाच्या परिचयाचे झालेले हॅम्लेटच्या पित्याचे भूत या दुसऱ्या जातीचे. ते सूडाची आज्ञा देते आणि मुलगा पाच अंक घुटमळतो. गंमत अशी की त्याच घुटमळण्यात, हेक्युबाच्या दुःखाने रडणाऱ्या नटाकडे पाहून हॅम्लेट स्वतःचा धिक्कार करतो. हेक्युबाला कोणाची आज्ञा नाही, आणि ती घुटमळतही नाही.

तरीही ती थेट शस्त्राकडे वळत नाही, हे विसरू नये. पॉलिक्सेनाच्या देहाला अखेरचे स्नान घालण्यासाठी समुद्राचे पाणी आणायला गेलेली दासी एक झाकलेले प्रेत घेऊन परतते. वस्त्र दूर होते आणि खाली मुलगा असतो. त्यानंतर हेक्युबा प्रथम न्याय मागते. समोर अ‍ॅगमेम्नॉन आहे, तिच्या नगराची राख करणाऱ्या सैन्याचा सेनापती. देवांवरही कायद्याची सत्ता चालते, घरी आलेल्याला मारणारा जर मोकळा सुटला तर माणसांत काही उरणार नाही, असा युक्तिवाद ती करते. अ‍ॅगमेम्नॉन तोंड फिरवू लागतो. तेव्हा ती, आपली मुलगी कॅसॅन्ड्रा त्याच्या शय्येवर आहे, याची त्याला आठवण करून देते. कायद्याच्या भाषेतून या भाषेत उतरावे लागणे हा या आईचा खरा पराभव आहे, असे आम्हांला वाटते. सेनापतीला तिचे म्हणणे पटते. पण सैन्य पॉलिमेस्टरला मित्र मानते, म्हणून तो उघड मदत करणार नाही. तू कर, मी आड येणार नाही, इतकेच त्याचे औदार्य.

वर्गात हे नाटक शिकवताना इथपर्यंत सगळी मुले हेक्युबाच्या बाजूची असतात. मग तंबूचा प्रसंग येतो आणि वर्ग गप्प होतो. आणखी सोन्याच्या लोभाने पॉलिमेस्टर आपल्या दोन लहान मुलांना घेऊन आत येतो. स्त्रिया कौतुकाने मुलांना कडेवर घेतात, या हातातून त्या हातात देतात, बापापासून दूर नेतात. मग त्यांना ठार करतात आणि वस्त्रांच्या टाचण्यांनी बापाचे डोळे फोडतात. यात आम्हांला रक्ताहून भयंकर वाटते ते ते कडेवर घेणे. लेकुरवाळ्या बाईच्या हातांना जे सर्वांत सहज येते, तेच इथे हत्यार झाले आहे.

त्या दोन मुलांनाही आई असणार. नाटकात तिचा उल्लेखही नाही. पुढे हायजिनसच्या नावावर असलेल्या लॅटिन कथासंग्रहात पॉलिमेस्टरची बायको भेटते, तिचे नाव इलिओनी, आणि ती प्रायमची मुलगी आहे. त्या कथेचे वळण अगदी निराळे असल्याने दोन्ही एकत्र शिवू नयेत, हे मान्य. पण एक क्षण शिवून पाहिल्या, तर तंबूत मारली गेलेली मुले हेक्युबाची नातवंडे ठरू शकतात.

त्या दुसऱ्या आईचा विचार आपल्याकडे एका ग्रंथाने केला आहे. अंगात रुद्राचा संचार झालेला अश्वत्थामा रात्रीच्या अंधारात द्रौपदीच्या पाच निद्रिस्त मुलांना मारतो. महाभारताच्या सौप्तिकपर्वातली द्रौपदी अन्नत्याग करून बसते, त्याचा वध मागते आणि अखेर त्याच्या मस्तकावरचा मणी घेऊन शांत होते. भागवताच्या पहिल्या स्कंधात मात्र अर्जुन त्याला पशूसारखा बांधून तिच्यापुढे आणतो, आणि ती त्याला सोडायला सांगते. मी जशी रडते आहे तशी त्याची आई गौतमी रडू नये, म्हणून. सूडकथांच्या इतिहासात त्या दुसऱ्या आईचे नाव घेणारी आई विरळाच.

पण भागवतातल्या द्रौपदीला उंचावर बसवून हेक्युबाला खाली ढकलणे आम्हांला जमत नाही. द्रौपदीचा पक्ष जिंकलेला आहे, अपराधी बांधून तिच्या पायाशी आणलेला आहे, आणि काय करायचे ते तिला विचारले जाते आहे. क्षमेलाही उभे राहायला जागा लागते. हेक्युबाजवळ ती जागा नाही. तिच्याजवळ एक तंबू, काही बंदिवान बायका आणि टाचण्या आहेत. न्यायालय बसते तेसुद्धा तंबूतल्या प्रकारानंतर. आंधळा पॉलिमेस्टर आणि हेक्युबा आपापली बाजू मांडतात आणि अ‍ॅगमेम्नॉन हेक्युबाच्या बाजूने निर्णय देतो. करायचे ते तिने करून टाकल्यावर दिलेला हा निर्णय त्याला फुकटात पडतो.

आणि शिक्षा कोणाला? आपल्याकडे शाप खुन्याला मिळाला. भळभळती जखम घेऊन तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा नर्मदा परिक्रमेच्या कथांत अजून भेटतो. युरिपिडीसकडे अतिमानुष शिक्षा आईच्या वाट्याला येते. हेक्युबा आग ओकणाऱ्या डोळ्यांची कुत्री होऊन समुद्रात पडेल आणि 'कुत्रीची समाधी' ही तिच्या थडग्याची जागा खलाशांची खूण होईल, असे भविष्य पॉलिमेस्टर सांगतो. अ‍ॅगमेम्नॉनलाही तो सांगतो की घरी तुझी बायको तुला मारील. ती क्लायटेम्नेस्ट्रा, इफिजेनियाची आई. म्हणजे समुद्रापलीकडे आणखी एक आई वाट पाहत बसली आहे.

शेवटी वारा सुटतो, जहाजे निघायची वेळ होते, आणि अ‍ॅगमेम्नॉन हेक्युबाला सांगतो की जा, आपल्या दोन्ही प्रेतांचे संस्कार उरकून घे. बहीण-भावांना एकाच ज्वाळेत अग्नी मिळावा म्हणून पॉलिक्सेनाचा संस्कार तिनेच मध्ये थांबवून ठेवला होता. तंबूतले काम आधी व्हायचे होते. भुताने पहिल्या प्रवेशात मागितलेली एकुलती एक गोष्ट नाटकाच्या अगदी अखेरीस, एका ओळीत, शत्रूच्या हुकमाने पार पडायला निघते. ती पार पडताना आपल्याला दिसत नाही.