खाडीचा पासवर्ड

ठाण्याच्या खाडीवरचा शोधनिबंध ठाण्यात बसून वाचता येईलच असं नाही, ही गोष्ट मला आयुष्यभर खटकत आली आहे. चिखल आपला, तिवरं आपली, ओहोटीची वेळ गाठून गुडघाभर गाळात उतरणारी मुलंही आपल्याच कॉलेजांतली. निबंध मात्र छापून येतो तो युरोप-अमेरिकेतल्या कुठल्यातरी नियतकालिकात. पडद्यावर सारांश फुकट दिसतो, त्याखाली कुलूप आणि डॉलरमधली किंमत.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते तेव्हा हे कुलूप नव्हतं, अंतर होतं. डोंबिवलीहून लोकलनं कुर्ला आणि तिथून कालिन्याला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. तेव्हा ‘करंट कंटेंट्स’ नावाची एक अमेरिकन पुस्तिका निघायची. तिच्यात लेख नसत, नुसत्या अनुक्रमणिका आणि मागे लेखकांचे पत्ते. हवा तो पत्ता उतरवून घ्यायचा आणि लेखकाला कार्ड पाठवायचं. कार्डावर विनंतीचा मजकूर आधीच छापलेला असे. आपण निबंधाचं नाव, खंड आणि पानं भरायची. महिना-दीड महिन्यानं पोस्टमन जाड पाकीट आणून द्यायचा. आत रीप्रिंट, वरच्या कोपऱ्यात शास्त्रज्ञाची शाईतली सही. आई आधी तिकिटं कापून घ्यायची, भावाच्या वहीसाठी. मगच पाकीट माझ्या हाती यायचं.

पुढं शिकवायला लागले तेव्हा झेरॉक्सचे दिवस आले होते. जाडजूड बांधीव खंड काचेवर कितीही दाबून धरला, तरी मधल्या शिवणीपाशी काळी सावली पडायचीच आणि ओळींची टोकं तिच्यात बुडायची. शब्द अंदाजानं लावता यायचे, आकडे कसे लावणार? क्षारतेच्या तक्त्यातला शेवटचा रकाना नेमका त्या सावलीत गेलेला असायचा. कॉलेजच्या तुटपुंज्या तरतुदीत परदेशी नियतकालिक घेण्याची तर गोष्टच नको.

2010च्या सुमारास ‘एन-लिस्ट’ आलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत चालणारी ही योजना. कॉलेजनं वर्षाला काही हजार रुपये भरायचे आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांना सहा हजारांवर नियतकालिकं खुली. ग्रंथपालांनी आमची नावं आणि ईमेल पाठवले, पासवर्ड आले. रात्री भांडी आवरून स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडायचा आणि ज्यासाठी पूर्वी अख्खी सुट्टी कालिन्याला जायची, ते दोन क्लिकमध्ये समोर. शेवटचा रकानासुद्धा स्वच्छ! वर्गातली बदलापूर-टिटवाळ्याची मुलं लोकलमध्ये उभ्यानं मोबाइलवर निबंध वाचायला लागली.

निवृत्त झाले आणि काही दिवसांतच तो पासवर्ड चालेनासा झाला. नियमानंच झालं ते. वर्गणी संस्थेची, मी आता संस्थेची नाही. तेव्हा कुठं नीट उमगलं की दार खुर्चीसाठी उघडत होतं, माझ्यासाठी नाही. आता मी पुन्हा लेखकांनाच लिहिते, फक्त कार्डाऐवजी ईमेल. बहुतेक जण आनंदानं पीडीएफ पाठवतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 1886पासून निघणाऱ्या जर्नलचे जुने खंड तर नेटवर फुकट वाचता येतात. तरुण मंडळी निबंध विनापरवाना फुकट देणाऱ्या ‘साय-हब’ या संकेतस्थळाचं मागचं दार वापरायची, त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात प्रकाशकांनी 2020मध्येच दावा लावला होता.

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सामूहिक वर्गणीच्या योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या 6,300हून अधिक संस्था, म्हणजे जवळपास 1.8 कोटी विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक. एकेका कॉलेजनं प्रकाशकाच्या दारात उभं राहण्यापेक्षा देशानं एकदाच घासाघीस केली, हे चांगलंच झालं. पण या हिशेबात ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला माणूस कुठं बसतो? खाडीतल्या मासळीत कुठला धातू किती उतरलाय, हे माझ्यापेक्षा त्यानं वाचायची जास्त गरज आहे. त्याच्यापाशी संस्थेचा ईमेल नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंपाशी नाही, हौसेनं पक्षी मोजणाऱ्या बँकेतल्या कारकुनापाशीही नाही.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893चं. ही वाचनालयं काढणाऱ्यांनी सभासदाची पदवी पाहिली नाही, नोकरी पाहिली नाही. वर्गणी भरा आणि वाचा, एवढाच व्यवहार ठेवला. याच वाचनालयांत या नियतकालिकांसाठी एकेक संगणक ठेवायला काय हरकत आहे? हवी तर अनामत घ्या, तासाची मर्यादा घाला, डाउनलोड बंद ठेवा. सहा हजार कोटींत कोळीवाड्यातल्या माणसाचाही कर आहे. त्याची वर्गणी भरून झालेली आहे. सभासदांच्या यादीत नाव घालायचं तेवढं राहिलंय.