मूठ

प्लास्टर निघालं त्या दिवशी हात माझा वाटेना. न्हाणीघरात घसरून उजव्या हातावर पडले होते. मनगटाचं हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण पिळून वाळत घातलेला पंचा पाणी गाळतच राही आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण कुणाकडून तरी उघडून घ्यावं लागे. दवाखान्यात पकड मोजायचं यंत्र होतं. डाव्या हाताने 22 किलो, उजव्याने 9. त्या 9 कडे मी बराच वेळ बघत बसले. मुठीचा आणि आयुष्याचा संबंध डॉक्टरांनी नंतर सांगितला. 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार माणसांचा अभ्यास 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. त्यात पकड 5 किलोंनी कमी असली, की मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त आढळला. ऐकून मी मूठ आवळली. बोटं तळव्याला धड टेकलीही नाहीत.

माजघराच्या कोपऱ्यात माझ्या वडिलांची, अण्णांची, करेलाची जोडी उभी होती, तालमीत फिरवायची. बाभळीचं लाकूड, खाली जाड, वर निमुळतं होत मुठीशी बारीक आणि शेवटाला हात निसटू नये म्हणून गोळा. अण्णांना जाऊन बारा वर्षं झाली. दर खंडेनवमीला आई जोडीला तेलाचा हात लावते, हळदकुंकू वाहते. एरवी तिला कुणी हलवत नाही.

कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम. लहानपणी पहाटे अण्णांसाठी दुधाचा तांब्या घेऊन मी आमच्या तालमीच्या दारापर्यंत जायची. उंबऱ्याच्या आत मुलींनी जायचं नव्हतं. आतून शड्डूचा आवाज येई. ताक-तेल-हळद मुरलेल्या लाल मातीचा वास येई. करेल फिरताना होणारा घुमारा मला बाहेरूनच पाठ झाला होता.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर दोन घरं पलीकडच्या म्हाताऱ्या वस्तादांना विचारलं. ते अंगणात आले, एक किलोची हलकी जोडी घेऊन. मी मूठ गच्च आवळून पहिला फेर घेतला आणि पाचव्या फेराला कोपरापर्यंत हात भरून आला.

“ताई, आवळायचं न्हाई,” वस्ताद म्हणाले. “लाकडाला पळू द्या. फकस्त सोडायचं न्हाई.”

हे वाक्य हाताला कळायला महिना गेला. करेल खांद्यावरून मागे सोडायचं, ते पाठीच्या कण्याला समांतर खाली उतरतं, मग बाजूने वळून पुढे येतं. डोक्यावर ते उभं असतं तेव्हा वजन तळहातावर नुसतं विसावलेलं असतं, बोटं सैल चालतात. खाली येताना तेच लाकूड हातातून निसटून पळू बघतं. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्या क्षणापुरती मूठ मिटायची आणि वर जाताना पुन्हा सैल करायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एरवी ज्यांना कुणी विचारत नाही, तीच इथे मुख्य. आणि बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात, तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत ओढलेल्या. म्हणून दुखतं ते कोपराखाली.

हाताच्या मिटण्याला आणि हत्याराच्या धरायच्या जागेला आपण एकच शब्द वापरतो, मूठ. करेलाचीही मूठ, माझीही मूठ. पेरणीत चाड्यावर मूठ धरणारी बाई आठवते. तिच्या मुठीचं कसब बी सोडण्यात असतं, दाणा-दाणा, एकसारखं. मूठ आवळायची नाही, वस्तादही तेच सांगत होते.

करेल परदेशातही पोचलं होतं. 1836 साली लंडनमध्ये डोनाल्ड वॉकरने खास बायकांसाठी व्यायामाचं पुस्तक काढलं. त्यात हिंदुस्थानातल्या या जोडीची हलकी धाकटी भावंडं होती. पुढे 1904 च्या सेंट लुईस आणि 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये करेल फिरवण्याची पुरुषांची स्पर्धाही झाली. आपल्या मातीतलं लाकूड तिकडच्या बायकांच्या हाती गेलं आणि मी मात्र दुधाचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या महिन्यात अण्णांची जोडी उचलली. एकेक दोन किलोंचं. मुठीवर करंगळीच्या जागी लाकूड किंचित झिजून खळगा पडला आहे, तो आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

आई ओसरीवर बसून बघत होती. अठ्ठ्याहत्तरीची आहे. मी थांबले तशी तिने हात पुढे केला. तिने करेल धरलं ते वरून दाबून नव्हे, बाजूने, अंगठा वर ठेवून. “जात्याचा खुंटा असाच धरायचा,” म्हणाली. “वरनं धरला तर मनगट भरतं.” लग्न होऊन आली तेव्हापासून गिरणी पेठेत येईपर्यंत, रोज पहाटे, अण्णा तालमीत असायचे त्याच वेळी, ती आणि आत्या समोरासमोर बसून दळायच्या. तिची मूठ कधी कुणी मोजली नव्हती.

“हे किती वजनाचं?”

“दोन किलो.”

तिने करेल सरळ उभं धरलं. थोडा वेळ तसंच धरून राहिली. मनगट हललं नाही.

“आमच्या जात्याची वरची तळी,” ती अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाली, “दोघी मिळून उचलायचो, टाकी लावायला.”

ती तळी अजून तुळशीशेजारी पडली आहे. खुंट्याच्या भोकात पावसाचं पाणी साचलं होतं.